नदीनं रान नेलं. आता देवावर भरवसा ठेवायचा, तो नेमका कशाचा?

सीनाकाठची

नमस्कार. मी इथं वाचते जास्त, लिहिते कमी. माहेर औसा तालुक्यातलं, सासर परंड्याकडं, सीनेच्या काठाला. सप्टेंबर २०२५ चा पूर तुम्ही टीव्हीवर बघितला असेल. नुसतं पीक गेलं असतं तर एवढं वाटलं नसतं, दरवर्षी काही ना काही जातंच. आमचं रानच गेलं. काळी माती खरडून निघाली आणि आता वर मुरूम आणि गोटे दिसायलेत. विहीर गाळानं बुजली. म्हैस दावणीलाच गेली, सोडायला वेळ मिळाला नाही.

मदत थोडी आली, थोडी यायची आहे. हा धागा त्याच्यासाठी नाही.

आमच्या आत्याबाई (सासूबाई) माळकरी. पुराच्या रात्री सगळं गाव शाळेच्या वर्गात बसलं होतं, तिथंही त्यांनी हरिपाठ म्हटला. मी एकादशी धरते, नवरात्रात तुळजापूरला जाते, परडी भरते. नास्तिक मुळीच नाही. पण पुरापासून दिवा लावून उभी राहिले की काय मागावं तेच सुचत नाही. पोटाला दे म्हणावं तर ज्याच्याकडं मागायचं त्यानंच नेलेलं. माती परत दे म्हणावं तर इंचभर माती तयार व्हायला किती पिढ्या जातात ते शाळेत शिकलेय. मग हात जोडायचे आणि परत यायचं.

गावात जो तो म्हणतो, "देवावर भरवसा ठेव." सप्ताहाला आलेले एक महाराज तर म्हणाले, हे गावाच्या पापाचं फळ. आमच्या शेजारणीचं रान चढावर आहे, तिचं काहीच गेलं नाही. म्हणजे ती पुण्यवान आणि मी पापी का? आम्ही दोघी एकाच दिंडीला जातो हो.

मालक बोलत नाहीत. विचारलं तर "बघू" म्हणतात. रात्री उठून नदीकडं जाऊन बसतात.

सगळं चांगलं होईल असा भरवसा ठेवायचा म्हणावं, तर ते झालं नाही. देव आपल्यासोबत आहे म्हणावं, तर सोबत राहून त्यानं केलं काय? तुमच्यावर वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत तेवढं सांगा. उपदेश नको.

माउलीचा दास

राम कृष्ण हरी ताई. तो परीक्षा घेतो, पण नापास कुणालाच करत नाही.

कोयत्याची पोर

दादा, उपदेश नको असं ताईंनी शेवटच्या ओळीत लिहिलंय. तिथपर्यंत वाचलं का?

तेरणाकाठ

ताई, मी तुमच्या माहेरच्या बाजूचाच. किल्लारीच्या पट्ट्यातलं आमचं गाव. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जनाची रात्र होती. मिरवणूक लांबली म्हणून आम्ही काही पोरं पारावरच आडवी झालो होतो. आई, धाकटी बहीण आणि चुलता घरात होते. ते आतच राहिले, वाचले नाहीत.

म्हणजे गणपतीची मिरवणूक लांबली म्हणून मी वाचलो. पुढं कितीतरी वर्षं जो भेटेल तो म्हणायचा, "तुला देवानं वाचवलं." त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग कुणी तोंडानं बोलायचं नाही, पण मला तो ऐकू यायचा.

पापाची चर्चा तेव्हाही झाली. कुणाच्या गावात कुठला नवस फेडायचा राहिला होता, कुठं मूर्ती हलवली होती, सगळं निघालं. पुढं मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि कळलं की आमची माणसं माळवदानं मारली. दगडमातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडाच्या फळ्या आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहतं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वर माती वाढवत नेलेली. जितकं घर खानदानी तितकं माळवद जड. गावकुसाबाहेर कुडाच्या, छपराच्या घरांतली माणसं जास्त वाचली. आदल्या वर्षी, १९९२ ला, हादरे बसले होते. सरकारी नकाशात मात्र आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, तो नंतर बदलला. पाप-पुण्याचा हिशेब लावायचाच म्हटला तर किल्लारीत तो महाराजांच्या उलटाच लागतो. तुमच्या महाराजांना विचारा, नदी चढावर का नाही चढली म्हणून.

आता काय केलं ते. मी तेव्हा लहान, मी काय करणार. आमच्या आजीनं केलं ते सांगतो. ढिगाऱ्यातून देवघरातले टाक सापडले, चांदीचे, थोडे चेमटलेले. तिनं ते धुतले नाहीत की पुजले नाहीत. फडक्यात बांधून लोखंडी पेटीत टाकले आणि म्हणाली, "बसा आता आत अंधारात. आमची माणसं बसली तशी." पत्र्याच्या शेडात राहिलो तोवर देव पेटीतच होते. तिला कुणी टोकलं नाही. भजनी मंडळातल्या बाया यायच्या, बसायच्या, चहा घेऊन जायच्या, त्यांनीही विषय काढला नाही. पुनर्वसनात घर मिळालं आणि नवरात्र आलं, तेव्हा तिनं आपण होऊन पेटी उघडली. का उघडली म्हणून मी विचारलं. "घट बसवायचाय. घटाला देव लागतेत," म्हणाली.

आमच्या घरात देव असा परत आला. आधी भांडण, मग लांबलचक अबोला, मग घट बसवायचं काम निघालं. तुम्हाला काय मागावं सुचत नाही ना, तर मागू नका की. घाई कुणाला आहे?

गुरुकृपा१०८

[हा प्रतिसाद संपादक मंडळानं काढला आहे. धाग्यावर शांती, तोडगे, दक्षिणा आणि फोन नंबर देऊ नयेत.]

कोयत्याची पोर

अकरा हजारात नदीची शांती! नदी हप्त्यानं घेते का विचारायचं राहिलं.

रात्रपाळी

मी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. देवाची चर्चा जरा बाजूला ठेवा. ताईंनी लिहिलंय की मालक बोलत नाहीत आणि रात्री उठून नदीकडं जाऊन बसतात. एवढे प्रतिसाद आले आणि ही ओळ कुणी धरली नाही याचं मला नवल वाटतं.

ताई, हे आजच करा. घरात फवारणीचं औषध, तणनाशक जे काही असेल ते घराबाहेर काढा. शेजारी द्या, कुलपात ठेवा, कुठंही, पण त्यांच्या हाताला लागू देऊ नका. रात्री ते उठले की तुम्ही किंवा दीर, भाऊ, मित्र, कुणीतरी सोबत जा. बोलायची गरज नाही, शेजारी बसा. आणि स्पष्ट विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्यानं डोक्यात येतं असं लोक समजतात, तसं होत नाही. उलट माणूस मोकळा होतो. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं घेऊन जा. झोपेची गोळी मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणू नका.

माझ्या वॉर्डात विष घेतलेली माणसं येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या गळ्यात माळ असते. श्रद्धा कमी होती म्हणून त्यांनी घेतलं असं कुणी बोललं की मला राग येतो. बाटली हाताशी होती आणि रात्री घरातलं कुणी जागं नव्हतं, एवढंच बहुतेक वेळा असतं.

नागसेनवन

जयभीम ताई. मी देव मानत नाही. आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. तुम्ही म्हणालात मदतीसाठी धागा नाही, तरी लिहितो, कारण भरवसा ज्याच्यावर ठेवायचा त्याच्यावर ठेवा, पंचनाम्यावर लक्षही ठेवा.

पिकाचं नुकसान आणि जमीन खरडून जाणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पुष्कळांच्या पंचनाम्यात फक्त पीक लिहिलंय. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं धरलेली आहेत. दुभत्या जनावराला ३७,५०० रुपये, त्याला पशुवैद्यकाचा दाखला लागतो. बुजलेल्या विहिरीची मदत वेगळी. तलाठ्याकडून नोंदीची नक्कल मागा, तोंडी "झालंय" म्हणाले तर तेवढ्यावर घरी येऊ नका. आणि मातीचं म्हणाल तर "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना आहे. गावाजवळ जुना पाझर तलाव असेल तर त्यातला गाळ रानात टाकता येतो. पहिल्या वर्षी पीक फार येणार नाही, पण मुरमावर काहीतरी उभं राहील.

आता तुमचा प्रश्न. पाप म्हटलं की कारण शोधायचं थांबतं, एवढं माझं म्हणणं. वरून किती पाणी कधी सुटलं, पात्रात कुणी काय बांधलं, हे विचारायचं राहून जातं आणि बाई दिव्यापुढं उभी राहून स्वतःचा गुन्हा शोधत बसते.

किसा गोतमीची गोष्ट आमच्याकडं सांगतात. तिचं लेकरू गेलं. औषध द्या म्हणून ती बुद्धाकडं आली. बुद्धानं तिला ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आणायला पाठवलं. ती दारोदार फिरली. मोहरी घरोघरी होती, असं घर मात्र नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, केवढी कठोर गोष्ट. आता वाटतं, त्या बाईला त्या दिवशी किती घरांनी आत बोलावून बसवलं असेल.

अंबाजोगाईचे मास्तर

वयाचा फायदा घेऊन थोडं लांबण लावतो.

सीनाकाठची ताई, दिव्यापुढं शब्द सुचत नाहीत याची खंत करू नका. आपल्याच मातीतली संतमंडळी बघा. गंगाखेडची जनाबाई. जात्यावर विठोबा दळू लागला म्हणून आपण कौतुक करतो, पण त्याच विठोबाला तिनं चारचौघांत म्हणता येणार नाहीत अशा शिव्या दिल्यात, आणि त्या अभंगात आहेत. वारकऱ्यांनी ते अभंग फाडून टाकले नाहीत. तुमच्या जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना त्यांच्या पायाखाली त्यांचं स्वतःचं लेकरू आलं. पुढं पंढरपुरात ते लेकरू परत मिळालं असं कथा सांगते. मला मात्र मधल्या दिवसांत त्यांच्या बायकोनं घरात काय केलं असेल तेच सुचत राहतं. कीर्तनात तो भाग पटकन उरकतात.

आणि तुकोबा. १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करीत गेली. हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय, लपवलेलं नाही. परीक्षा होती म्हणून गोडही केलेलं नाही. त्यानंतर त्यांनी केलं काय, तर परंपरा सांगते, लोकांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. ज्यांच्याकडून येणं होतं त्यांचं येणं सोडलं.

इथं माझा मुद्दा येतो, आणि तो महाराजांना बोचणारा आहे. आपण नेहमी बुडालेल्या माणसाला म्हणतो, भरवसा ठेव. संतांच्या गोष्टींत भरवशाची कसोटी ज्याच्या हातात खतं आहेत, ज्याच्या ताब्यात कोठार आहे, त्याची लागते. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली. बादशहा मान कापेल हे माहीत होतं. विठोबा विठू महाराचं रूप घेऊन पैसे भरायला बिदरला गेला ही पुढची गोष्ट. पण कोठार उघडलं तेव्हा विठोबा आलेला नव्हता. आधी उघडलं, मग तो आला. भरवसा म्हणायचा तर तो दामाजीचा. रांगेत उभ्या असलेल्या भुकेल्या माणसाकडं आणखी भरवसा मागू नये. तो रांगेत उभा राहिलाय, एवढं पुष्कळ आहे.

माउलीचा दास

माझ्या एका ओळीला सगळे हसलात, हसा. मी आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बसतो. चार-चार तास. त्या खुर्चीत "तो परीक्षा घेतो" हे वाक्य मला पुरतं. त्यानं मला उठून बसची वेळ गाठता येते. मास्तरांएवढं वाचन नाही, माळवदाचं शास्त्र येत नाही. मोठमोठे प्रश्न विचारायला अंगात ताकद लागते. ज्याच्यात नाही त्यानं एवढ्याशा वाक्यावर दिवस काढला तर बिघडलं कुठं? मला जे चालतं तेच ताईंना दिलं.

कोयत्याची पोर

काका, आता मी हसणार नाही. पण माझंही ऐका.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात. आई-बाप दसरा झाला की कारखान्यावर, येतात ते पाडव्याच्या आसपास. मी आजीपाशी वाढले. बाप दरवर्षी मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घ्यायचा. ती फिटली की नाही हे बापाला कधीच नक्की कळायचं नाही, कारण वही मुकादमाची. फडावरच्या कोपीत (पाचटाच्या झोपडीत) आमच्या आईनं भगवानबाबांचा फोटो लावलेला असायचा, पाचटाला टोचून. पहाटे थंडीत कोयता घेऊन निघताना त्याला हात लावून जायची. मी एकदा विचारलं, बाबांचा एवढा भरवसा आहे तर पुढच्या वर्षी ऊस तोडायला लावू नको म्हण की त्यांना. तर बाप मधेच म्हणाला, "सगळ्या जगात ह्या एकाचीच उचल घ्यायची राहिलीय. त्याच्याशी तरी हिशेब नको."

तेव्हा मला ते पटलं नव्हतं, चिडले होते. अजूनही अर्धंच पटतं. पण ताई, तुम्ही विचारताय कशाचा भरवसा. आमच्या घरात तरी देवाकडून काही येणं आहे अशी नोंदच नव्हती. त्यामुळं तो कधी बुडीत निघाला नाही.

परभणीचा टेलर

सलाम, नमस्कार. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, समजून घ्या.

आमच्यात एक हदीस फार सांगतात. एका माणसानं पैगंबरांना विचारलं, उंट मोकळा सोडून अल्लावर भरवसा ठेवू की बांधून ठेवू? उत्तर मिळालं, आधी बांध, मग भरवसा ठेव. हे ऐकून सगळे मान हलवतात. पण उंट बांधूनही चोरीला जातो, तेव्हाचं कुणी सांगत नाही.

२०२१ च्या कोरोनात माझी बायको गेली. मी बांधायचं तेवढं बांधलं होतं. रांगेत उभा राहिलो, इंजेक्शनसाठी गावं पालथी घातली, रात्री नमाज पढलो, दर्ग्यात चादर मानली. शेजारच्या खाटेवरच्या एका मारवाडी काकांच्या मुलानं स्वतःच्या बापाचा राहिलेला ऑक्सिजन आम्हाला दिला, कारण त्याचा बाप सकाळी गेला होता. तरी ती गेली. "आपण अल्लाचेच आहोत आणि त्याच्याकडंच परत जाणार," असं आमच्यात त्या वेळी म्हणतात. तोंडानं लगेच म्हटलं. मनानं म्हणायला फार दिवस लागले. मशीन चालवता चालवता कधीतरी ते खरं वाटलं.

ताई, निकालाचा भरवसा मी सोडला. ती जिथं गेली तिथं तिला कुणी हाडहूड करणार नाही, एवढाच ठेवला. दवाखान्याच्या त्या रांगेत फार हाडहूड झाली होती तिची. आणि तो मारवाडी पोरगा ईदला येतो.

सीनाकाठची

उत्तर द्यायला उशीर झाला. सगळं वाचलं. मालकांनाही थोडं वाचून दाखवलं. ते किल्लारीच्या आजीपाशी "पुन्हा वाच" म्हणाले. बऱ्याच दिवसांनी "बघू" सोडून दुसरं काहीतरी बोलले.

रात्रपाळी ताई, तुमचं वाचून मी उठलेच. फवारणीची बाटली जिथं असते तिथं नव्हती. माझ्या पोटात गोळा आला. घर पालथं घातलं. शेवटी आत्याबाईंना विचारलं. त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "ती मी कवाच देवळाच्या खोलीत ठिवलीय. पुजाऱ्याला सांगितलंय, माझ्याबिगर कुणाला किल्ली द्यायची न्हाई. मालक आला तरी न्हाई." पूर उतरला त्याच आठवड्यात त्यांनी ती नेलेली. मला बोलल्या नाहीत, मुलाला बोलल्या नाहीत. इकडं मी समजत होते की ह्यांना हरिपाठापुढं काही दिसत नाही.

मग मी त्यांना तुम्हाला विचारला तोच प्रश्न विचारला. आत्याबाई, तुम्ही कशाच्या भरवशावर म्हणता हो रोज? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाल्या, "फळ मिळावं म्हनून म्हनते व्हय मी? दिवेलागणीला म्हनायचा असतो, म्हनून म्हनते." मग थोड्या वेळानं स्वतःच बहात्तरच्या दुष्काळाचं काढलं. त्या नवीन लग्न होऊन आलेल्या. पाझर तलावाच्या कामावर पाटी उचलायला जायच्या. लाल मिलोची भाकरी, लेकरांना सुकडी. "तवा देवाचं नाव घ्यायला येळ नव्हता. पाटी उचलताना तोंडात यायचं, तेवढंच. देव आला न्हाई तवा. मस्टर आलं. आठवड्याला पगार आला. आमी म्हनलं, ह्येच त्यानं धाडलं असंल." आणि हसल्या.

नागसेनवन दादा, तुम्ही म्हणता तो पाझर तलाव म्हणजे हाच. आत्याबाईंनी पाट्या वाहिलेला. गाळाचा अर्ज दिलाय. पंचनाम्यात आमचंही फक्त पीकच लिहिलेलं निघालं, त्याची दुरुस्ती चालू आहे. मालकांना घेऊन जिल्ह्याला जाऊन आले. डॉक्टर नीट बोलले. परत बोलावलंय.

तेरणाकाठ

आता येळवस (वेळ अमावस्या, आपल्याकडचा रानात जेवायचा सण) जवळ आली. ताई, मालकांना घेऊन माहेरी या.

सीनाकाठची

तेच मनात होतं दादा. सासरकडं येळवस नाही करत. लग्न झालं तेव्हा मीच हट्टानं इथं सुरू केली होती, रानात कोपी घालून. यंदा रानच नाही तर कोपी कुठं घालू म्हणून गप्प बसले होते.

औशाची अंबील

या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितेय आणि विषयांतर करतेय, माफी. रान नसलं तरी येळवस चुकवायची नाही, दुसऱ्याच्या रानात जायचं असतं. कुणाच्याही कोपीपुढं जाऊन उभं राहा, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. माठातली अंबील, भज्जी, उंडे. भज्जीत हरभऱ्याचा पाला कोवळा हवा.

कोयत्याची पोर

आंबट चुका राहिला. आणि आमच्याकडं ही भज्जी कुणी करत नाही, हा अन्याय आहे.

अंबाजोगाईचे मास्तर

ताई, वाचून बरं वाटलं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. देवळाच्या खोलीत ठेवलेली बाटली ही मी आजवर ऐकलेल्या कीर्तनांपेक्षा वरची गोष्ट आहे. त्यांना दामाजीपंतांबद्दल मी लिहिलेलं वाचून दाखवा, त्यांना आवडेल.

रात्रपाळी

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर बरं वाटलं म्हणून मधेच बंद करू नका. दोन-तीन आठवडे गेल्याशिवाय त्यांचा गुण दिसत नाही. आणि देवळाची ती किल्ली अजून बराच काळ आत्याबाईंकडंच राहू द्या.

नागसेनवन

मास्तर, दामाजीपंतांच्या गोष्टीत इतिहास किती आणि महात्म्य किती यावर आपण वेगळा धागा काढू. विठू महाराचं रूप घ्यायला देवाला चालतं, पण त्या काळी विठू महाराला स्वतः देवळात जाता येत नव्हतं, त्यावर मला थोडं बोलायचंय.

अंबाजोगाईचे मास्तर

काढा. मी येतो. भांडायला तयारीनं येतो.

सीनाकाठची

माउलीचे दास काका, तुमच्या ओळीवर मी रागावले नव्हते. आत्याबाईंना तुमच्या डायलिसिसचं सांगितलं, त्यांनी नाव-गाव विचारलं. हरिपाठानंतर घेतात त्या यादीत आता तुम्ही आहात. त्या यादीत कुणाला घालायचं यावर माझं काही चालत नाही.

माझं भांडण मिटलेलं नाही. दिवा लावते, उभी राहते, काही मागत नाही. टेलर भाईंचं ते "निकालाचा भरवसा सोडला" डोक्यात घोळतं, पण मला अजून तो सोडवत नाही. लेकीची दहावी आहे, तिची फी आहे. गाळ टाकल्यावर पहिल्या वर्षी करडई टाकावी की हरभरा, ते कुणाला अनुभवानं माहीत असेल तर लिहा. मुरमावर गाळ किती जाड टाकावा तेही.

आणि मास्तर, दामाजीपंतांची गोष्ट वाचून दाखवली. सगळी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "कोठार बादशाचं व्हतं, म्हनून उघडलं. घरची कणगी उघडली का ते इचार त्या मास्तरला."